तीन ठिपक्यांची एकचाकी

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटाची जाडी पाहूनच तू ओळखलं असशील की याला काहीतरी हवंय. बरोबर ओळखलंस. पण आधी खुशाली सांगतो, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचतेस. आम्ही दोघंही ठीक आहोत. हिच्या शिवणकामाच्या खोलीत शाळेचे गणवेश कमरेइतके साचलेत आणि माझ्या दवाखान्यात दाढा. लोक वर्षभर दुखणं अंगावर काढतात आणि जानेवारीत सगळे एकदम तोंड उघडतात.

दवाखान्यात दुसरी खुर्ची बसवायची म्हणून मागची अडगळीची खोली रिकामी करतोय. काल माळ्यावरून बाबांची एकचाकी सायकल खाली आली. म्हणजे माझ्या खांद्यावरच आली. डावा खांदा अजून बोलतोय. एक चाक, त्याला दोन पॅडल, वर चिमटा, चिमट्यावर सीट. साखळी नाही, हँडल नाही, ब्रेक नाही. हिरव्या रंगाचे इतके थर बसलेत की नखाने सोलता येतात. मला ती फक्त दुकानातल्या खिळ्याला टांगलेली आठवते. बाबा तिच्यावर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. ते बसायचे असं तू सांगायचीस, पण मांजरं दुपारी आपसात बोलतात असंही तू मला सांगायचीस.

मोठ्या काकांना दाखवली. नव्वदीला दोन कमी आहेत, तरी रोज दहाच्या ठोक्याला समोरच्या सायकलच्या दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांना सल्ले देतात. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले की ही सायकल नव्हेच, कुठल्यातरी मोडक्या सायकलचं पुढचं अर्धं आहे. लग्नाआधी तुझा बाप दोन वर्षं गावोगाव कसरती दाखवणाऱ्या खेळवाल्यांबरोबर उकिरडे फुंकत फिरला आणि कमाई म्हणून हे अर्धं घेऊन परत आला. अर्धवट माणसाची अर्धी सायकल. ते हसले, मीही सवयीने हसलो. नंतर वाटलं, बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, आता तरी हा विनोद निवृत्त व्हायला हरकत नाही. मी एकदा बाबांनाच विचारलं होतं की त्या दोन वर्षांत तुम्ही काय केलंत. ते म्हणाले होते, चाकं सरळ करत होतो. मला वाटलं, टाळताहेत.

पुढच्या शुक्रवारी भंगारवाला येणार आहे. हिचं म्हणणं की अंगणात उभी करून वेल चढवावा. तुझं मत लवकर कळव.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढवलास तरी माझी हरकत नाही.

तुझा
छोट्या


७ जानेवारी

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

भंगार नाही आणि वेलही नाही. तिला हात लावू नकोस. माझं पत्र पूर्ण वाच, मग चेष्टा कर.

तुला जे कधी सांगितलं नाही ते आज सांगते. आईलाही सांगितलं नव्हतं. मी अकरा वर्षांची होते, तू पाळण्यातून नुकताच जमिनीवर आला होतास. आमच्या कॉन्व्हेंट शाळेचं वार्षिक संमेलन होतं. मैत्रिणींना मी सांगून ठेवलं होतं की माझे वडील मोठ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्या शाळेत सगळ्यांचे वडील काहीतरी मोठे होते आणि माझे काकांच्या दुकानात पंक्चर काढत होते, हे माझ्याच्याने सांगवेना. त्या दिवशी बाबा येणार नव्हते. ते आले. फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या उतारावरून, त्या एका चाकावर, दोन्ही हात छातीशी बांधून, अंगात दुकानातला निळा शर्ट आणि खिशात पाना. मुली किंचाळत होत्या. मला त्या हसताहेत असं वाटलं.

मुख्याध्यापिका मदरनी हसत विचारलं की हे कोणाचे वडील. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, मदरनीच घोटून घेतलेल्या स्वच्छ उच्चारांच्या इंग्रजीत, सांगितलं की मी या गृहस्थांना ओळखत नाही.

ते खाली उतरले, मदरना वाकून नमस्कार केला, सायकल काखेत घेतली आणि निघून गेले. संध्याकाळी एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर ती सायकल खिळ्याला गेली. पुन्हा त्यांना तिच्यावर बसलेलं मीही पाहिलं नाही.

याला बावन्न वर्षं झाली. आता मला एवढंच जाणून घ्यायचंय की त्या दिवशी मी नेमकी कशाची लाज बाळगली. काका म्हणतात तसं ते मोडक्या सायकलचं अर्धं होतं, की खरंच काही होतं?

वाचनालयात तीस वर्षं काढली त्याचा एक फायदा झाला, कुठल्या प्रश्नासाठी कुठलं दार ठोठावायचं ते कळतं. माझ्या घरापासून दोन चौक पलीकडे जुन्या छापखान्याच्या दोन खोल्यांत सायकलींचं एक संग्रहालय आहे. चालवणाऱ्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, छत्रीच्या दांडीसारख्या सरळ. तरुणपणी बावीस वर्षं कसरतींच्या खेळात एकचाकी चालवायच्या. मी काल जाऊन भेटले. त्यांना वर्णन हवंय: कुठे कंपनीचं नाव आहे का, स्पोक किती, चाकाचा आस आणि मधला भाग एकसंध आहे की जोडलेला, ढकललं की चाक किती वेळ फिरतं, आणि पॅडलांवरच्या डाव्या-उजव्याच्या खुणा आपापल्या बाजूला आहेत का. तू दातांची नोंद करतोस तशी नीट नोंद करून पाठव.

खांद्याला शेक दे. माझ्यावरचा लोभ या पत्रानंतर कमी होणार नाही ना, एवढंच विचारते.

तुझी
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग हिला वाचायला दिलं. हिने डोळे पुसले आणि मला बजावलं की उत्तरात वात्रटपणा करायचा नाही. म्हणून एवढंच लिहितो: अकरा वर्षांच्या मुलीवर त्रेसष्ट वर्षांच्या बाईने इतकं रागावू नये. लोभ होता तिथेच आहे.

आता तपासणी. सायकल दवाखान्याच्या भिंतीला टांगली, मोठा दिवा ओढून घेतला आणि हातमोजे घालून बसलो. बाहेर थांबलेल्या आजोबांनी दारातून पाहिलं आणि त्यांची दाढ आपोआप दुखायची थांबली म्हणे. उठून घरी गेले.

नाव कुठेच नाही. सीटखाली नाही, चिमट्यावर नाही, चाकावर नाही. स्पोक छत्तीस, दोनदा मोजले. आस आणि मधला भाग एकसंध आहे, कुठे जोड दिसत नाही. चाक ढकललं तर रडतखडत तीन फेरे फिरतं आणि थांबतं. पॅडलांवर खुणा आहेत, पण गंमत म्हणजे चुकीच्या बाजूंना: डाव्याची खूण उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे. चिमट्याच्या खांद्यावर रंगाखाली बाबांचे तीन ठिपके आहेत, पण ते काय, आपल्या घरात सांडशीपासून बादलीपर्यंत सगळ्यावरच आहेत. वस्तू हरवू नये म्हणून ठोकायचे. ते मोजत नाही.

काका दुकानातून हाक मारून विचारत होते की पेशंट वाचणार का. मी सांगितलं, अजून तोंड उघडलेलं नाही.

लोभाची जागा रिकामी ठेवू नये, ही विनंती.

तुझा
छोट्या


२२ जानेवारी

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

तुझी नोंद घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, चष्मा लावला आणि मी वाचत गेले तसं ऐकत गेल्या. तुझी ठिपक्यांची ओळ मी गाळली. आपल्या घरच्या बादलीशी त्यांना काय करायचंय.

स्पोक आणि आस ऐकून त्यांनी मान हलवली. चाकाचे तीन फेरे ऐकले तेव्हा ओठ मुडपले. आणि पॅडलांचं ऐकलं तेव्हा चष्मा काढून ठेवला. त्यांनी मला समजावून सांगितलं की डाव्या पॅडलचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात, म्हणजे पाय मारता मारता ते सुटत नाही. बाजू चुकली तर दोन्ही पॅडल चालता चालता सैल होत जातात आणि माणूस तोंडावर आपटतो. कुठलाही चांगला कारागीर ही चूक करणार नाही. त्यांच्या मते ही कुणा हौशी माणसाने घरी जुळवलेली सायकल आहे, आणि त्याला डावं-उजवंही कळत नसावं. मग माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या की हौसेलाही मोल असतं. ते वाक्य मी वाचनालयात कविता आणून देणाऱ्यांना म्हणायची, त्यामुळे मला ते पुरेपूर कळलं.

छोट्या, चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाला डावं-उजवं कळत नव्हतं? मी घरी येताना दोन चौकांऐवजी पाच चौक चालले. काका खरं सांगत होते असं कबूल करायला जीभ वळत नाही. कारण मग मी लाजले ते बरोबरच होतं असं ठरतं, आणि ते तर मला मुळीच नको आहे.

सायकल ठेव. कशीही असली तरी ठेव. वेलाचं म्हणत होती ना माझी भावजय, तर लावा वेल.

तुम्हा दोघांवर लोभ आहे. आज शब्द मात्र कमी आहेत.

तुझी
ताई


२९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वेल रद्द! तुझा भाऊ गाढव आहे, हे आधी मोठ्याने वाच, मग पुढे जा.

परवा ही गणवेशांचा गठ्ठा घेऊन दवाखान्यातून चालली होती. सायकलपाशी थबकली, सीटच्या चामड्यावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं की तुम्ही हिला भिंतीकडे तोंड करून का टांगलीय. मी म्हटलं, तोंड माझ्याकडेच आहे. तर ही म्हणाली की शिलाईचा जोड तुमच्याकडे आहे, आणि कोणताही शिवणारा जोड मागे ठेवतो, पुढे ठेवला तर मांडीला घासेल. तुम्ही इतके दिवस बिचारीच्या पाठीला तोंड समजून तपासताय.

आता माझा गुन्हा ऐक. पेशंट माझ्याकडे तोंड करून बसतो, त्यामुळे माझ्या डाव्या हाताला असते ती त्याची उजवी बाजू. एकतीस वर्षांत ही सवय हाडात मुरलीय. सायकल टांगली, तिच्यासमोर पेशंटसारखा उभा राहिलो आणि माझं डावं ते तिचं उजवं असं लिहून मोकळा झालो. पण ती पाठमोरी होती! पॅडल अगदी आपापल्या जागी आहेत. डावं-उजवं बाबांना कळत होतं, त्यांच्या दातवाल्या मुलाला कळत नाही.

मग मी इरेला पेटलो. बेअरिंग उघडलं. आतलं ग्रीस वाळून लाखेसारखं झालं होतं, म्हणून चाक रडत होतं. दातांवरचं किटण काढायच्या हत्याराने ते कोरून काढलं, नवीन ग्रीस भरलं आणि एक ढकल दिली. ताई, एक मिनिट चाळीस सेकंद! आवाज नाही, आउट नाही, चाक कुठे केसाएवढंही हलत नाही. मी आणि ही दोघं घड्याळाकडे बघत उभे, आणि खुर्चीवरच्या बाई तोंडात कापूस घेऊन टाळ्या वाजवत होत्या.

आणखी एक. रंगाचे थर खरवडले, सात निघाले. खाली निकेलचा मुलामा, आरशासारखा. आणि ते तीन ठिपके रंगाच्याच नाहीत, निकेलच्याही खाली आहेत. मुलामा ठिपक्यांच्या खड्ड्यात सलग उतरलाय, कुठे तडा नाही. नंतर ठोकले असते तर मुलामा फुटला असता. हे दातावरच्या आवरणाचं ज्ञान आहे, इथे मी चुकणार नाही. म्हणजे ठिपके सायकल बनतानाच ठोकले गेले. बाबा ती कुठून घेऊन आले असतील तर ठिपके आधीच तिच्यावर कसे?

कवळीसाठी माप घेतो तो मसाला लावून मी ठिपक्यांचं माप घेतलं आणि प्लास्टरचा साचा ओतला. सोबतच्या डबीत कापसात ठेवलाय. बघ, तिसरा ठिपका पूर्ण गोल नाही, एका बाजूने चंद्रकोरीसारखा तुटका आहे. बाईंना दाखव.

या वेळी लोभ माझ्यावर नाही, माझ्या बायकोवर असावा.

तुझा
गाढव छोट्या


६ फेब्रुवारी

चि. छोट्यास आणि माझ्या हुशार भावजयीस,
अ. उ. आ.

मी हे पत्र उभ्यानेच लिहायला घेतलं होतं, आता बसलेय.

डबी घेऊन बाईंकडे गेले. तुझी पाठमोरी कथा सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. चाकाचा एक मिनिट चाळीस ऐकल्यावर हसू थांबलं. मग मी साचा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला नाही. डोळे मिटले आणि अंगठ्याने ते तीन खळगे चाचपले, एक, दोन आणि तो चंद्रकोरीचा. उठल्या, कमरेची किल्ली काढली आणि आतली खोली उघडली.

आत त्यांची स्वतःची एकचाकी होती. बावीस वर्षं त्या जिच्यावर बसल्या ती. चिमट्याच्या खांद्यावर तीन ठिपके. माझा अंगठा धरून त्यांनी तिसऱ्या ठिपक्यावर ठेवला. छोट्या, तीच कोर.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच क्रमाने सांगते. त्या सोळाव्या वर्षी खेळात शिरल्या तेव्हा तिथे सात एकचाक्या होत्या, सगळ्यांना त्या ठिपकेवाल्या म्हणत. दोन हंगामांत एका पोराने हातांनी बनवलेल्या. दुसऱ्या खेळांतले लोक त्यांच्यासाठी मागे लागायचे, पण ज्याच्याकडे ठिपकेवाली आली त्याने ती कधी विकली नाही. कंपनीच्या सायकलींची चाकं आठवड्याला सरळ करावी लागत. बाईंच्या चाकाला बावीस वर्षांत हात लावावा लागला नाही. त्या म्हणतात की तिच्यावर बसलं की चाक विसरायला होतं, फक्त आपण उरतो. पोराचं नाव कोणी सांगू शकलं नाही. खेळ मोडला, कागद गेले. जुने लोक एवढंच सांगत की चाकवाला पोरगा फार बोलायचा नाही, प्रत्येक सायकल आधी स्वतः चालवून बघायचा, मगच ठिपके ठोकायचा. आणि एक दिवस भावाचं पत्र आलं तेव्हा गेला. बाई चाळीस वर्षं त्याला शोधताहेत. त्यांच्या सायकलपाशी चिठ्ठी आहे: बनवणारा अज्ञात.

मी पर्स उघडली. तुला माझी जुनी कंपासपेटी आठवते? शाळेतली, जिच्यात मी आता बटणं ठेवते. आठवण झाली म्हणून सहज घेऊन गेले होते. झाकणाच्या आत बाबांचे ठिपके आहेत. बाईंनी भिंग लावलं आणि तिसरा ठिपका पाहिला. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. ठिपके ठोकायचा पंच एकच, छोट्या. एकाच तुटक्या टोकाचा एकच पंच.

आपण पंक्चरवाल्याची मुलं म्हणून वाढलो आणि आपल्या घरच्या बादलीवर जी खूण होती ती शोधत एक बाई चाळीस वर्षं फिरत होती. आणि मी मूर्खासारखी तीच ओळ गाळून वाचली!

काकांना मी आजच वेगळं पत्र टाकते. सभ्य भाषेत. मदरनी शिकवलेल्या.

तुम्हा दोघांवर लोभ दुथडी भरून.

ताई


१४ फेब्रुवारी

चि. सौ. पुतणीस,
मोठ्या काकांचा अ. आ.

पत्र मिळालं. भाषा फार सभ्य होती, त्यामुळे जास्त लागली. मला लिहायची सवय नाही, हात कापतो, तरी लिहितो, कारण छोट्या तोंडी निरोप नीट देत नाही, मधे विनोद घालतो.

सायकल त्याने बनवली हे मला माहीत होतं. आल्या दिवशी त्याने सांगितलं होतं. मी म्हटलं, दाखव. त्याने अंगणात तीन फेऱ्या मारून दाखवल्या. मग मी बसलो. दोन हात गेलो आणि सगळ्या गल्लीसमोर उताणा पडलो. तेव्हापासून ती माझ्यासाठी अर्धी सायकल. मी मोठा भाऊ होतो, मला दुसरं काही सुचलं नाही.

पत्र लिहून त्याला बोलावलं ते मीच. दुकान एकट्याला झेपत नव्हतं. तो मुकाट्याने आला, पण खेळवाल्यांचे निरोप वर्षभर येत राहिले. हा पुन्हा जाईल या भीतीने मी जो येईल त्याला सांगत सुटलो की दोन वर्षं वाया घालवली. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. हिरवा रंगही माझाच. ते चकचकीत चाक पाहून गिऱ्हाईक म्हणायचं, करून दाखवा, आणि काम खोळंबायचं. निकेलवर रंग टिकत नाही, सोलून निघतो. म्हणून सात वेळा लावला. तो बघायचा आणि ब्रश धुवून ठेवायचा.

आता तुझ्या शाळेचं. तू लिहिलंस की त्या दिवसापासून त्याने तुझ्यामुळे सायकल सोडली. चूक. व्हरांड्यापाशी उतरताना त्याचा घोटा मुरगळला होता. महिनाभर लंगडत होता आणि खड्ड्यात पाय गेला असं सगळ्यांना सांगत होता. तो घोटा पुढे कधी धड झाला नाही. तू काय बोललीस ते त्याने मला सांगितलं होतं. रागावला नव्हता. म्हणाला की पोरगी लाजली, तिच्या जागी मीही लाजलो असतो. पण इंग्रजी काय बोलली, एक अक्षर अडखळली नाही. हे त्याने दुकानात तीन जणांना ऐकवलं.

आणखी एक. तुम्ही पोरं समजता तसे ते ठिपके मालकीचे नव्हते. एखादी वस्तू हातून पूर्ण झाली, मनाला पटली, की मगच तो ठोकायचा. तुझ्या कंपासपेटीची बिजागरी तुटली होती ती त्याने त्याच आठवड्यात, घोट्याला फडकं बांधून, नवी करून दिली. दोनदा केली. पहिली पटली नाही.

मला तिकडे यायला जमणार नाही. पण प्रदर्शनात लावणार असाल तर अर्धी सायकल असं लिहू नका.

म्हातारा रागीट आहे, पण तुमच्यावर लोभ धरून आहे.

मोठे काका


२ मार्च

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

तुझी अक्कलदाढ कशी आहे? एकतीस वर्षं जगाचे दात उपटलेस आणि नेमका कालचा प्रदर्शनाचा दिवस गाठून तुझीच दाढ सुजावी! भावजय सांगत होती की तू खुर्चीवर पेशंट म्हणून बसायला घाबरलास आणि तिचा हात धरून ठेवलास. तिने मला कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. मी फक्त बाईंना आणि काकांना सांगितलं.

भावजय सायकल मांडीवर मूल घेतल्यासारखी घेऊन आली. तिने शिवलेल्या मऊ कापडाच्या पिशवीत. बाईंनी आदल्या दिवशी त्यांच्याच ठेवणीतला टायर चढवला, हवा भरली, पॅडल पुसले. मग दोन्ही ठिपकेवाल्या मोठ्या खोलीत शेजारी शेजारी उभ्या केल्या. भावजयीने आधी दोघींच्या शिलाईचा जोड बघून घेतला, पाठमोऱ्या नाहीत ना म्हणून.

दहा वाजता दारं उघडली. खूप माणसं आली. जुने खेळवाले चार जण आले होते, एक तर काठी टेकत. त्यांनी बाबांच्या सायकलच्या खांद्यावर हात फिरवला आणि तिसरा ठिपका एकमेकांना दाखवला. मग बाईंनी मला विचारलं की तुमच्या बाबांची सायकल मी चालवून बघितली तर चालेल का. मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी चपला काढल्या, भावजयीच्या खांद्यावर एक हात टेकला, आणि बसल्या. छोट्या, हात सुटला आणि त्या गेल्या! अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पाठ ताठ, हात छातीशी बांधलेले, खोलीची एक पूर्ण फेरी. चाकाचा आवाज नव्हता. मला क्षणभर शाळेचा उतार दिसला आणि निळा शर्ट. मुली किंचाळत होत्या ते आनंदाने, हे मला काल कळलं. उतरल्यावर बाई मोठ्याने म्हणाल्या की ही माझ्या सायकलहून चांगली आहे, पोराने सगळ्यात शेवटची बनवलेली दिसते. सात झाल्यावर हात जसा बसतो तसा बसलाय.

ती जुनी चिठ्ठी, बनवणारा अज्ञात, त्यांनी माझ्या हाताने काढायला लावली. नवीन कोरं कार्ड दिलं आणि पेन दिलं. मी शाळेतल्या वळणदार अक्षरात बाबांचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, चाकांचे कारागीर. काकांची इच्छा म्हणून त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, पूर्ण सायकल. भावजय हसत सुटली, तुला नंतर समजावेल.

तेवढ्यात गणवेशातल्या मुलींचा एक वर्ग आला, सोबत त्यांच्या शिक्षिका. एक दोन वेण्यांची मुलगी अगदी पुढे येऊन दोन्ही सायकलींकडे बघत राहिली आणि तिने इंग्रजीत विचारलं की या कोणी बनवल्या. कार्ड तिच्या डोळ्यांसमोर होतं, पण तिला माणसाकडून ऐकायचं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळेच माझ्याकडे पाहत होते.

मी सांगितलं, माझ्या वडिलांनी. आधी मराठीत सांगितलं. मग मदरनी घोटून घेतलेल्या त्याच इंग्रजीत, एक अक्षर न अडखळता, सांगितलं की हे माझे वडील, मी यांना ओळखते. मागच्या मुलींना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

कंपासपेटी मी त्यांना प्रदर्शनासाठी दिली नाही. बटणं काढून रिकामी केलीय आणि या पत्राशेजारी टेबलावर ठेवलीय. बिजागरी अजूनही करकरत नाही.

दाढेला जप. लोभ आहेच, त्यात अधूनमधून हवा भरत राहा.

तुझी
ताई